पानं टाकायची कधी?

माझा आजा पत्त्यांत फारसा हरत नसे. तो फार जिंकायचा असंही नाही. तो पानं टाकायचा.

आवणी उरकली की श्रावणात आमच्या पडवीत तीन पत्ती बसायची. सातम-आठमला पलीकडे गुजरातेत घरोघर डाव पडतात, तीच सवय आमच्या झरीच्या बाजूलाही लागलेली. बाहेर पाऊस, मध्ये कांबळं, कांबळ्यावर चिंचोके. पैसे लावायला आजाची बंदी होती. बूट एक चिंचोका, चाल एक किंवा दोन, आणि चारच्या वर कुणी जायचं नाही. आजा पानं उचलायचा, डोळ्यांशी न्यायचा आणि दहातल्या सात वेळा पालथी ठेवून म्हणायचा, "पॅक."

आम्हा पोरांना त्याचं हसू यायचं. "आजा, एक चाल तरी कर! एक चिंचोका तर आहे."

"एक चिंचोका हाय म्हणूनच पॅक," तो म्हणायचा. "दहा असते तर तू पण केला असतास."

याचा अर्थ तेव्हा कळला नव्हता. कळेपर्यंत माझे पन्नास पावसाळे झाले.

आजाला अक्षरओळख नव्हती, पण त्याचा हिशोब बरोबर होता. पुढं मी दहावीपर्यंत शिकलो, तेव्हा एकदा वहीत गणित मांडून बघितलं. बावन्न पानांतून तीन पानं 22,100 तऱ्हांनी येतात. त्यातल्या फक्त 52 तऱ्हा तीन सारख्या पानांच्या. आणि 16,440 तऱ्हा अशा, की त्यात रन नाही, कलर नाही, साधी जोडीसुद्धा नाही. म्हणजे चारातल्या तीन वेळा हातात काहीच नसतं. आजा दहात सात वेळा टाकायचा तो भित्रा होता म्हणून नाही. पानं जशी येत, तसा तो वागायचा. उरलेल्या वेळी मात्र तो लाजायचा नाही. पक्की रन आली की पहिल्याच चालीला चार चिंचोके. आम्ही म्हणायचो, हळू खेळ, सगळे पळतील. तो म्हणायचा, चांगलं पान आल्यावर पण हळू खेळायचं, तर मग वाईट पानात गेलेलं भरून कधी काढायचं?

खेळणाऱ्याला तीनच गोष्टी करता येतात: चालत राहणं, चाल वाढवणं, पानं टाकणं. शेतकऱ्यालाही चौथी नाही. आणि माझा अनुभव असा, की पहिल्या दोन कुणीही शिकवतं, तिसरी शिकवायला कुणी नसतं. "हिंमत सोडू नको" म्हणणारी शंभर माणसं भेटली. "आता सोड" म्हणणारा एक आजा होता, आणि मला गरज लागली तेव्हा तो नव्हता.

ती गोष्ट 2009 ची. घरामागच्या वरकस तुकड्यात बोअर मारायची मी ठरवली. पाणी लागलं तर उन्हाळ्यात भाजीपाला होईल, कामासाठी बाहेर जावं लागणार नाही, असा विचार. फुटाला 70 रुपये दर होता. माझ्याजवळ 200 फुटांचे 14,000 होते. 200 ला थांबायचं असं ठरवून मशीन बोलावली.

आमच्याकडं वरची माती थोडी, खाली काळा पाषाण. पाषाणात भेग सापडली तर पाणी, नाही तर नुसती भुकटी. 200 फूट झाले, पांढुरकी भुकटीच उडत होती. मशीनवाला म्हणाला, "अजून पन्नास जाऊ?"

पन्नास फूट म्हणजे 3,500. मी मनात म्हटलं, 14,000 घातलेत, आता 3,500 साठी मागं हटायचं? हो म्हणालो. 250 ला भुकटी. "अजून पन्नास?" हो. 300 ला भुकटी. तिथून पुढं दर फुटाला 80. "अजून पन्नास?" हो. 350. "आता आलोच आहोत तर चारशे करू." हो.

400 फुटांवर मशीन बंद केली तेव्हा अंगण, गोठा, तुळस, आम्ही माणसं, सगळं एका रंगाचं झालं होतं. पाणी नव्हतं.

दोनशेच्या पुढचे ते 15,000 माझे नव्हते. ते बायकोचे होते. तीन हिवाळे ती घोलवड-बोर्डीच्या वाड्यांत चिकू काढायला गेली होती. पहाटेच्या टेम्पोनं जायची, अंधार पडता यायची. डब्यात 18,000 जमले होते. मुलगी बारावी झाली होती आणि तिला नर्सिंगला घालायचं होतं. मी डबा काढला तेव्हा बायको चुलीपुढं होती. मी म्हटलं, पाणी लागलं की महिन्यात भरून टाकतो. ती काही बोलली नाही. मी त्याला होकार समजलो. माझ्या सोयीचं होतं म्हणून समजलो, हे आता लिहितो.

मुलगी एक वर्ष थांबली. मग दुसरं वर्ष थांबली. मग तिचं लग्न झालं. आज ती अंगणवाडीत मदतनीस आहे, संसार चांगला चालला आहे. पण ती नर्स नाही. तिनं मला आजपर्यंत एका शब्दानं विचारलेलं नाही, आणि तेच मला जड जातं.

पुढं कितीतरी रात्री मी विचार करत होतो, की चूक नक्की कुठं झाली. बोअर मारली ती चूक नव्हती. पाणी कुणाला दिसत नाही. शेजारच्या पाड्यात 180 फुटांना लागलं होतं. न बघता खेळलेली पानं होती ती, आणि शेतीत बघून खेळायला मिळतंच कुठं? पेरणी तर दर वर्षीच ब्लाइंड असते. चूक 200 वर झाली. तिथं मी स्वतःला चुकीचा प्रश्न विचारला. "14,000 घातलेत, आता कसा सोडू?" हा प्रश्नच नव्हे. ते 14,000 भोकात गेले होते. मी थांबलो तरी गेलेले, पुढं गेलो तरी गेलेले. खरा प्रश्न होता: पुढच्या पन्नास फुटांत पाणी लागायची आशा किती, आणि ती 3,500 ला घेण्याजोगी आहे का?

पत्त्यांत हे लख्ख दिसतं. कांबळ्यावर आठ चिंचोके पडलेत आणि पुढं राहायला मला एक टाकायचा आहे. नऊ वेळांत एकदा जरी मी जिंकणार असलो तरी माझं नुकसान नाही. म्हणजे मधला ढीग मोजायचा, जरूर मोजायचा, पण 'मिळू शकतो' म्हणून मोजायचा. 'त्यातले तीन माझे होते' म्हणून मोजायचा नाही. एकदा मध्ये टाकलेला चिंचोका कुणाचाच नसतो. हे ज्याला कळलं त्याला पानं टाकता येतात. मला पडवीत कळलं होतं, अंगणात कळलं नाही.

दुसरीही एक गोष्ट होती. मशीनवाल्यानं मला एकदम "अजून दोनशे फूट जाऊ?" असं विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं. त्यानं पन्नास-पन्नास विचारलं. प्रत्येक चाल लहान होती, आणि लहान चालीला नाही म्हणायला लाज वाटते. आजाचं बोलणं मला तिथं उमगलं. दहा चिंचोक्यांची चाल आली तर पोरगंही घाबरून पॅक करतं. माणूस बुडतो तो एक-एक चिंचोक्यानं.

माझा भाचा वापीला कंपनीत कामाला आहे. मधली दोन वर्षं तो फोनवर पैशानं पत्ते खेळायचा, पगार त्यात घालवायचा. 2025 च्या ऑगस्टमध्ये संसदेनं कायदा करून पैशाचे ऑनलाइन खेळ बंद केले, तेव्हा त्याची आई देवाला नारळ फोडून आली. त्या भाच्यानं मला पोकर समजावला होता. होल्डेम म्हणून त्यात प्रकार आहे. दोन पानं प्रत्येकाच्या हातात, पाच पानं मध्ये सगळ्यांची, आणि त्यातून पाचांचा चांगला हात लावायचा. यात एक लिमिटचा खेळ असतो. पहिल्या दोन फेऱ्यांना लहान चाल, शेवटच्या दोन फेऱ्यांना तिच्या दुप्पट, आणि एका फेरीत साधारण एक चाल आणि तीन वाढी, त्यावर नाही. मी म्हटलं, अरे, ही तर आजाची चारची मर्यादा. आणि दुप्पट म्हणजे 300 फुटांनंतरचा वाढीव दर!

त्यानं आणखी एक सांगितलं. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या लोकांनी 2015 मध्ये जाहीर केलं, की दोघांनी खेळायचा हा लिमिटचा खेळ त्यांनी संगणकाकडून सोडवून घेतला. त्या प्रोग्रामचं नाव सेफियस. एक माणूस जन्मभर त्याच्याशी खेळत बसला तरी त्याच्यात चूक सापडायची नाही, इतका तो पक्का. तो शिकला कसा? स्वतःशीच खेळून. प्रत्येक वेळी तो हिशोब करायचा, की इथं चालण्याऐवजी टाकलं असतं, किंवा टाकण्याऐवजी वाढवलं असतं, तर किती फरक पडला असता. ते लोक त्याला पश्चात्तापच म्हणतात. तो पश्चात्ताप कमी कमी करत न्यायचा, बस.

हे ऐकून मी गप्पच बसलो. पश्चात्ताप मलाही करता येतो. पण मशीनला पानं पुन्हा मिळतात, अब्जावारी वेळा. मला वर्षाला एक डाव. वीस वर्षांचा असताना नांगर धरला, आज साठी ओलांडली, म्हणजे चाळीस-पंचेचाळीस डाव, एवढंच माझं खेळणं. आणि मशीनला मुलगी नाही. दर डावानंतर तिचे सगळे चिंचोके जागच्या जागी येतात. माझा बारावी झालेल्या मुलीचा डाव एकदाच वाटला जाणार होता.

म्हणून मला वाटतं, ज्याच्याजवळ डाव थोडे आहेत त्यानं हुशारीच्या आधी मर्यादा शिकावी. हुशारी असंख्य डावांत उपयोगी पडते. पाच डावांत माणूस वाचतो तो किती घालायचं हे आधी ठरवल्यामुळं.

पण नुसती मर्यादाही पुरत नाही. मी 200 ची मर्यादा ठरवलीच होती. ती मोडली कारण मला दुसऱ्याचा डबा सापडला. द्यूतात धर्मराज सगळं हरला, भाऊ हरला, स्वतःला हरला, आणि मग द्रौपदीला लावलं. तेव्हा तिनं सभेला एकच प्रश्न केला: आधी स्वतःला हरला का आधी मला? जो स्वतःचाच राहिला नाही त्याला मला लावायचा अधिकार कुठला? भीष्मासारख्या भीष्माला याचं सरळ उत्तर देता आलं नाही. लोक त्या गोष्टीत शकुनीचे फासे बघतात. मला आता तो प्रश्नच दिसतो. फासे खरे असते तरी तो प्रश्न तसाच राहिला असता. डाव कुणाचा आणि लावलं कुणाचं? माझ्या बायकोनं सभा भरवली नाही एवढंच.

इथवर वाचून कुणी म्हणेल, मग काय, गरिबानं नेहमी पानंच टाकायची? घातलेलं सोडून घरी बसायचं? याचं उत्तर माझ्याजवळ नाही, पण माझ्या गावाजवळ आहे.

23 मे 1945 ला आमच्या झरीला सभा झाली. हा भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यात. किसान सभेची सभा, गोदावरी आणि श्यामराव परुळेकरांनी बांधलेली. सुमारे 5,000 आदिवासी जमले. ठरलं असं, की सावकार-जमीनदाराची वेठ करायची नाही, आणि रोजाचे बारा आणे रोख मिळाल्याशिवाय त्याच्या जमिनीवर कामाला जायचं नाही. गोदावरीबाईंनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात हे सगळं लिहून ठेवलं आहे. त्या 5,000 मध्ये माझा आजा होता. दहात सात वेळा पानं टाकणारा माझा आजा. पावसानंतर गवतकापणी आली तेव्हा लोकांनी मागणी केली, 500 पौंड गवत कापायला अडीच रुपये. नाही तर कोयता उचलणार नाही. आजा त्या संपातही होता.

मी त्याला एकदा विचारलं, "पत्त्यात तू एक चिंचोका सोडत नाहीस, आणि तिथं कसा उभा राहिलास?"

तो बराच वेळ तंबाखू मळत होता. मग म्हणाला, "गवत कोणाचं होतं? मालकाचं. उभं राहून वाळत कोणाचं होतं? मालकाचं. आपलं काय होतं मध्ये? उपास. तो कामाला गेलो तरी होता, नाय गेलो तरी होता."

मला वाटतं पानं टाकण्याविषयी याहून नेमकं कुणी सांगणार नाही. पानं टाकल्यानं काहीतरी वाचत असेल तर टाकावी. टाकूनही तेवढंच जाणार असेल तर टाकण्यात शहाणपण कसलं? आणि समोरच्याकडं बघावं. त्याचं गवत डोंगरावर उभं, पावसाळा सरलेला, मुंबईच्या तबेल्यांना माल पाठवायचा, दर दिवसाला ते पिवळं पडत चाललेलं. आपल्या हातात काय आहे एवढंच बघायचं नसतं. पुढं जायचं कुणाला महाग पडतंय तेही बघायचं. बऱ्याच मालकांना शेवटी दर मानावा लागला. आणि मग लोक तिथं थांबले नाहीत. 1946 मध्ये जंगलकामाच्या मजुरीसाठी संप केला. चांगलं पान हातात आलं होतं, तेव्हा चाल वाढवली.

पण ही गोष्ट सांगताना आजा कधी जिंकल्यासारखा बोलला नाही. 10 ऑक्टोबर 1945 ला तलवाड्याला जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळ्या चालवल्या. जेठ्या गांगड आणि आणखी चार, पाच माणसं गेली. त्यांना मर्यादा कुणी ठेवली नव्हती. चारच्या वर चाल नाही हे समोरच्यानं मानलं तरच मर्यादा, आणि बंदूकवाला ती मानत नाही. आजाचं गणित घरी आलेल्यांसाठी बरोबर होतं. त्या पाचांच्या घरी ते कुणी कसं मांडावं, मला माहीत नाही. म्हणून मी त्याला जुगार म्हणत नाही, कुणी म्हटलं तर मला राग येईल. एवढंच म्हणतो, की तिथं जो आला तो आपल्या पायांनी आला. कुणी दुसऱ्याला कांबळ्यावर ठेवून स्वतः मागं बसलं नव्हतं. माझ्या बोअरमध्ये आणि आजाच्या संपात हा फरक. त्यानं लावलं ते स्वतःला.

गेल्या उन्हाळ्यात मुलगा म्हणाला, दुसरी बोअर मारू, कामाला जाऊन मी पैसे साठवलेत. मी काही बोललो नाही. आईला विचार म्हटलं. यावेळी तिघं चुलीपाशी बसलो. किती पैसे, कुणाचे, हे आधी बोललो. बायको म्हणाली, "दोनशे फूट. एक फूट जास्त नाय." मुलानं ते दाराच्या फळीवर खडूनं लिहिलं: 200.

190 च्या आसपास भुकटीचा रंग बदलला. ओलसर, काळपट येऊ लागली. 200 ला मशीनवाल्यानं हात दाखवला. "ओल लागलीय. अजून पन्नास जाऊ?"

मुलानं माझ्याकडं बघितलं. मी बायकोकडं बघितलं. तिनं फळीकडं बघितलं. तिच्या मनात त्या वेळी काय चाललं असेल ते मला कळतं असं वाटलं, पण 2009 मध्येही मला तसंच वाटलं होतं, म्हणून यावेळी तोंडानं विचारलं. ती म्हणाली, "नाय."

मुलगा म्हणाला, "बास करा."

मशीन गेली. शेजारी म्हणतात, ओल लागली म्हणजे पाणी होतंच, तुम्ही घाबरलात. असेलही. 230 ला असेल, 250 ला असेल, किंवा पुन्हा 400 पर्यंत भुकटी असेल. पानं टाकल्यावर पुढचं पान कुणी दाखवत नाही. ते न बघता रात्री झोपता आलं पाहिजे. मला झोप लागली. मुलाला दोन-तीन दिवस लागली नाही, मग त्यालाही लागली. त्याचे उरलेले पैसे डब्यात आहेत. नात आता सातवीत आहे.